बाहेर बसलेल्या बाई

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या आणि आत वर्ग त्यांच्याशिवाय मजेत चालला होता. कुरखेड्याच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या त्या गावात मी उपकेंद्राची नर्स म्हणून नवीनच आले होते. मुलांना जंताच्या गोळ्या द्यायच्या म्हणून डबा घेऊन शाळेत गेले आणि ओट्यावरच्या बाईला विचारलं, "मुख्याध्यापक कुठं आहेत?"

"मीच हाव," त्या म्हणाल्या. "बसा ना, सिस्टर. मले आज आत घेऊन नाई राह्यले."

"कोण?"

"लेकरं." आणि माझ्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या.

मला वाटलं, गेलं बाई हिचं डोकं. जंगलातल्या गावात एकटं राहून राहून नोकरदार माणसं अशी होतात, हे मी आधीच्या पोस्टिंगला पाहिलेलं होतं. मी शेंगा खाल्ल्या, गोळ्या उद्यावर ढकलल्या आणि परत आले.

मग हळूहळू उलगडा झाला. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत, आणि शिकवायला बाई एकट्या, कारण दुसऱ्या शिक्षकाची जागा कायम रिकामी. रोज प्रार्थना झाली की मुलं आत जायची आणि बाई दाराबाहेर थांबायच्या. बगलेत छत्री धरून विचारायच्या, "येऊ का?" बहुतेक दिवशी आतून "या!" अशी आरोळी यायची की ओट्यावरचा कुत्रा दचकून उठायचा. पण एखाद्या दिवशी यायचं, "नको!" मग बाई एवढंच म्हणायच्या, "कारण सांगा." कारण पटलं तर ओट्यावर बसून राहायच्या, मुलं बोलावतील तोपर्यंत. नाही पटलं तर दारातूनच भांडायच्या, आणि मुलंही भांडायची. कारणं एकेक ऐकण्यासारखी असत. कविता अजून पाठ व्हायची आहे. एक जण रडतो आहे, त्याची समजूत काढणं चालू आहे. चिमणीचं पिल्लू खाली पडलं आहे आणि बाईंचे बूट फार मोठे आहेत.

बूट खरंच मोठे होते. सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, पोरं कवायतीला घालतात तसले. छत्री बाराही महिने. मी एकदा विचारलं, "बाई, हिवाळ्यात छत्री कशाला?" तर म्हणे, "अस्वल आलं तं खाडकन उघडाची. थे घाबरते."

"कधी आलं होतं?"

"अजून नाई आलं. छत्रीचं ऐकलं असंन त्यानं." आणि हसल्या. बाईंचं हसणं म्हणजे काय सांगू! उपकेंद्रात बाळंतीण नुकती झोपलेली असली तर मी खिडक्या लावून घ्यायची.

त्यांना एक विचित्र शौक होता, हरण्याचा. "कारण सांगा, मंग रागवा," हे त्यांचं सगळ्यांना सांगणं. सरपंचाला, दूधवाल्याला, बाजारात वांगी विकणाऱ्या बाईला. समोरच्याने खरंच बिनतोड कारण दिलं, की बाईंचा चेहरा असा काही उजळायचा! हात पुढे करून त्या वांगेवालीचा हात गदागदा हलवत म्हणायच्या, "हरली मी!" आणि सगळ्या बाजाराला सांगत फिरायच्या की आज मी कशी हरले. मुलांसमोर हरल्या तर विचारूच नका, दिवसभर लग्नघरातल्यासारख्या मिरवायच्या.

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. बाई ओट्यावर. साहेबांचा पारा चढला. "मॅडम, शाळेच्या वेळात तुम्ही बाहेर काय करून राहिल्या?"

"आत गणित चालू हाय, सर. मी गेली का उत्तर माह्या तोंडाकडं पाहून काढते, म्हणून नको म्हणाले."

साहेब तरातरा आत गेले. चौथीतली एक पोरगी उभी राहिली. "सर, तुमी विचारलं नाई."

आता साहेब तसा भला माणूस. मागे फिरला, दारात उभा राहिला, हसू दाबत म्हणाला, "येऊ का?"

"कारण सांगा."

"तपासणी करायची आहे."

"कोणाची?"

"तुमचीच."

मुलांनी आपसांत कुजबुज केली आणि निकाल दिला, "गणित होऊ द्या. मंग या." मी ओआरएसची पाकिटं द्यायला गेले तेव्हा साहेब आणि बाई ओट्यावर शेजारी शेजारी बसून शेंगा फोडत होते. नंतर आत जाऊन त्यांनी एकेकाला फळ्यापाशी उभं केलं. पोरं त्यांच्याशी असं काही भांडली की साहेब जाताना म्हणाले, "मॅडम, तुमच्या पोरांना वाचता येतं, गणित येतं, पण कुठं गप्प बसावं ते येत नाही." बाईंनी हात पुढे केला आणि साहेबांचे आभार मानले.

त्याच सुमारास तालुक्याच्या गावी नवी इंग्रजी शाळा निघाली होती. त्यांचा माणूस मे महिन्यात गावात आला, कडक उन्हात टाय लावून, आणि तोही सकाळच्या प्रहरी. आता आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की तेंदूपत्त्याच्या दिवसांत सकाळी गावात माणूस सापडत नाही. सगळे पहाटेपासून जंगलात पानं तोडायला. हा बिचारा कुलपांवर आणि कोंबड्यांवर पत्रकं टाकत फिरला. शेवटी बाईंनीच त्याला गाठलं, पाणी पाजलं, छत्रीखाली घेतलं आणि दुपारी आंब्याच्या सावलीत नेलं. तिथं बाया पानांचे पुडके बांधत बसल्या होत्या. बाईंच्या शाळेची पटनोंदणी दरवर्षी तिथंच चालायची, मांडीवर पानं घेऊन बायांसोबत पुडके बांधता बांधता. मीही लसीकरणाचं सांगायला तिथंच जायची, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"या सरांची शाळा चांगली हाय," बाई म्हणाल्या. "बाक हाय, पंखे हाय, व्हॅन दारात येते. माह्या शाळेत पंखा नाई, अन् पावसाळ्यात एक कोपरा गळते. आता विचारा यायले, काय विचाराचं थे."

एका म्हातारीने विचारलं, "अवो सर, लेकराले मुताले जायाचं असंन तं?"

"इंग्रजीत परवानगी मागावी लागते, मावशी. तीच तर सवय लावतो आम्ही."

"अन् नाई आलं इंग्रजी तं?"

माणूस प्रामाणिक होता. जरा विचार करून म्हणाला, "येईपर्यंत थोडी कळ काढावी लागेल."

अगं बाई! अशी काही हसली ती सगळी मंडळी! एकीच्या मांडीवरची पानं उडाली, म्हातारी पदरात तोंड घालून डुलायला लागली. मीसुद्धा पोट धरून हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी त्या माणसाला आपल्या डब्यातली भाकर दिली आणि वाटेला लावून दिलं. जूनमध्ये गावातली काही पोरं व्हॅनमध्ये बसलीच. बाई त्यांना रोज सकाळी छत्री हलवून टाटा करायच्या.

आता आमच्या घरचं सांगते. आमचे हे घुग्घुसला कोळशाच्या खदानीत डंपर चालवतात. माझं पोस्टिंग जंगलात, म्हणून आमची मुलगी, मैत्री, तिकडेच आजीजवळ आणि मोठ्या दिरांकडे राहायची. यांनी तिला तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. मी म्हटलं, पोरगी लहान आहे, माझ्याजवळ राहू द्या, गावात शाळा आहे. तर हे उखडले.

"माह्या बापानं झाडाखाली बसून शाळा केली. म्या टाटपट्टीवर केली. माही पोरगी बेंचवर बसंन. खदानीत साहेब इंग्रजीत काही म्हणते, अन् मी नुसती मान हलवतो. समजलं तरी हलवतो, नाई समजलं तरी हलवतो. माह्या पोरीनं अशी मान नाई हलवाची."

शिक्षणाला आमच्या घरात किती मान आहे ते मला माहीत आहे. सासरे उपाशी राहिले, पण यांची वही-पेन्सिल त्यांनी कधी चुकवली नाही. पोरगी कॉन्व्हेंटमध्येच राहिली.

आणि वर्षभराने दिवाळीला गेले तर काय, पोरगी मान हलवते! जेवली का? मान. शाळा आवडते का? मान. बाळ असताना जिच्या तोंडाला खळ नव्हता, ती पोरगी खेळतानासुद्धा ओठ मिटून. आजी म्हणे, शहाणी झाली. दीर म्हणे, शिस्त लागली. मी सुट्टी वाढवून वाढवून राहिले, विचारून विचारून थकले. काही नाही. मग मात्र मी हट्टाला पेटले. उन्हाळ्यात तिला उचलून गावी घेऊन आले. यांच्याशी तोडगा निघाला तो एवढाच, की एक वर्ष आईजवळ, मग परत घुग्घुस, तीच कॉन्व्हेंट. दिरांनी ओळखीने जागा धरून ठेवायची कबुली दिली.

पहिल्या दिवशी मी तिला शाळेत सोडलं आणि बाईंना सगळं सांगितलं. नवऱ्याच्या नावाने बोटंही मोडली. बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"त्यायले हसू नका, सिस्टर. मान हलवाची म्हणजे काय, हे त्यायनं भोगलं हाय. त्यायचं कारण पक्कं हाय. माह्याजवळ अजून त्याच्याहून पक्कं कारण नाई."

"मग?"

"मंग काय! वर्षभर हाय ना हातात." छत्री बगलेत मारून त्या चालू लागल्या आणि वळून म्हणाल्या, "पण इथी हरली तं मले आवडणार नाई." हरणं न आवडण्याची भाषा मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

पावसाळा गेला, धान कापून झालं. मैत्री शाळेत जायची, बसायची, लिहायची, यायची. बाईंनी तिला एकदाही बोल म्हणून म्हटलं नाही. मी चिडायची. "अहो बाई, काही तरी करा ना!" तर म्हणायच्या, "करून राह्यली ना. बाहेर उभी राहून राह्यली रोज." मला वाटायचं, ही बाई माझ्या पोरीचं वर्ष घालवते आणि शेंगा खाते.

थंडीच्या दिवसांत एकदा लोहाच्या गोळ्या वाटायला शाळेत गेले. खिचडीची वेळ झाली होती. बाई ओट्यावर. पुढ्यात शेंगा नाहीत, हातात काही नाही, नुसत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसलेल्या.

"आज काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी सगळे या म्हणाले. एक जण नको म्हणाली."

"कोण?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच पायरीवर बसले.

"कारण विचारलं?"

"विचारलं ना. म्हणे, बाई, तुमी लय मोठ्यानं हसता. मले भेव लागते." बाईंचे डोळे भरून आले होते आणि हसू आवरता आवरत नव्हतं, म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. "कारण खरं हाय, सिस्टर. सकाळपासून बसली हाव. हळू हसाची प्रॅक्टिस करून राह्यली."

तेवढ्यात दारातून मैत्रीचं डोकं बाहेर आलं. तिने बाईंना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "आता या." मग माझ्याकडे पाहून, "तू नको. तू रडून राह्यली." मी खरंच रडत होते, भोकाड पसरून. कशाला खोटं बोलू?

त्यानंतर पोरीचं तोंड जे सुटलं! शाळेत भांडायची, घरी भांडायची, गोंडी बोलणाऱ्या मैत्रिणींशी गोंडीतून भांडायची. भातात मीठ कमी पडलं तर मला कारण द्यावं लागायचं. पण वर्ष संपत आलं होतं, आणि फोनवर बाप आला की ही पुन्हा "हो" आणि "नाई" वर यायची. यांना काय कळणार? हे म्हणायचे, "ठीक हाय ना मंग, चाल म्हणा आता." मी सांगायची, "अहो, पोरगी बोलायला लागली." हे म्हणायचे, "मराठीत ना?"

एप्रिलच्या शेवटी सकाळची शाळा चालू असताना हे आले. रात्रपाळी करून तसेच मोटरसायकलवर निघालेले, डोळ्यांच्या कडांना कोळशाची काळी रेघ. चहाही नीट घेतला नाही. "टीसी काढू. उन्हाच्या आधी निघू." मी गावच्या आशा कार्यकर्तीला उपकेंद्रावर बसवलं आणि मुकाट यांच्यामागे चालू लागले. आयुष्यात एवढी जड पावलं मी टाकलेली नाहीत.

बाई ओट्यावरच होत्या. उठून उभ्या राहिल्या.

"बाई, टीसी पायजे पोरीची."

"देतो ना, भाऊ. तुमचा हक्क हाय. मी कोण अडवणारी?" त्या म्हणाल्या. "फक्त पोरीले जाऊन सांगा. अन् कारण सांगा. एवढंच."

"येवढ्या लेकराले काय कारण सांगाचं!"

"तुमचं कारण चांगलं हाय, भाऊ. मोठ्या माणसाले सांगता, तसंच तिले सांगा."

हे दारात गेले. सगळी मुलं वळून पाहायला लागली. यांना काय वाटलं कोण जाणे, पायातल्या चपला काढल्या आणि चाचरत म्हणाले, "येऊ का?"

"या!" सगळा वर्ग ओरडला. मैत्री ओरडली नाही.

"मैत्री, चाल. घुग्घुसले जायाचं हाय. मोठ्या शाळेत."

ती उभी राहिली. "काऊन?"

"तिथी इंग्रजीत शिकवते."

"इथी बी इंग्रजीचं पुस्तक हाय."

"पुस्तक वेगळं. तिथी सगळे इंग्रजीच बोलते. तू बोलशीन."

"मी नव्हती बोलत तिथी." पोरीचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "मले सू लागली तं मले इंग्रजीत सांगता नाई आलं. मी तशीच मुतली. मंग टीचरनं मले उभी केली. मंग मी पाणीच पेत नव्हती. कोणाशी बोललीच नाई."

मी बाहेर भिंतीला धरून उभी. आंब्याखाली पोट धरून हसलेली मीच ती, आणि माझ्याच पोरीने वर्षभर तहान मारली होती. बाईंनी माझा दंड घट्ट पकडला.

मैत्रीने मग विचारलं, "बाबा, तुमाले येते इंग्रजी?"

"नाई."

"मंग साहेब इंग्रजीत बोलला तं तुमी काय करता?"

सगळा वर्ग ऐकत होता. खोटं बोलणं यांच्या स्वभावात नाही. म्हणाले, "चूप राह्यतो."

"मी नाई राह्यत," पोरगी म्हणाली. "मी इंग्रजी शिकीन. बाई शिकवते. पण मी चूप नाई राह्यत." आणि खाली बसली. मग काही तरी आठवून पुन्हा उठली, "अन् बाबा, दारातून सरका. अंधार पडून राह्यला."

हे सरकले. बाहेर आले, ओट्याच्या पायरीवर बसले आणि खाली मान घालून राहिले. यांचा राग मला ठाऊक आहे. गप्प बसलेला माणूस पुढच्या क्षणी काय करील याचा नेम नसतो. मनात म्हटलं, आता उठतील, पोरीचा हात धरतील आणि निघतील. बाई माझ्या शेजारी छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या.

यांनी खिशातून मोबाईल काढला आणि दिरांना फोन लावला.

"दादा, थे जागा सोडून द्या. नाई आणून राह्यलो पोरीले." पलीकडून दीर काही तरी बोलत असावेत. हे उठून उभे राहिले, शाळेच्या अंगणात फेऱ्या मारायला लागले, आणि आवाज चढत गेला. "अवो नाई, कोणी काही म्हटलं नाई! पोरगी बोलली! मैत्री! मले बोलली, दादा! सगळ्या वर्गासमोर मले सरका म्हणे! मी चूप नाई राह्यत म्हणे! माह्या तोंडावर म्हटलं तिनं, दादा, माह्या तोंडावर!" डोळ्यांतून घळाघळा पाणी, कोळशाची रेघ गालभर पसरलेली, आणि हा माणूस अंगणाच्या मधोमध हसत उभा.

बाई पायरी उतरून त्यांच्याजवळ गेल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. "भाऊ, हळू बोला. वर्ग चालू हाय."

हे काही हळू बोलले नाहीत.